तिरो देवनागरी मराठी : आठ महिने आणि २१२ हँडबिलं

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली काढली. आत कुस्तीची हँडबिलं होती. पिवळी, गुलाबी, पोपटी, हातात धरली की पलीकडचं दिसावं इतक्या पातळ कागदावरची. आण्णा कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात सत्तावीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते, आणि स्वतः जुळवलेल्या प्रत्येक मैदानाच्या हँडबिलाची एक प्रत घरी आणायचे. मोजली तर २१२ भरली. यांची वेबसाइट करायची हे त्याच दुपारी ठरलं. त्या साइटसाठी जो फॉन्ट निवडला, त्याच्याविषयी हे लिहितेय. फॉन्टचं नाव तिरो देवनागरी मराठी.

मी शाहूपुरीत डीटीपी करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल. गेली नऊ वर्षं वेबसाइटचीही कामं घेते. म्हणजे फॉन्ट हा माझ्यासाठी रोजचा विषय, पण आजवर गिऱ्हाईक म्हणेल तो किंवा मशीनवर असेल तो, असंच चालायचं. एका फॉन्टबरोबर आठ महिने नेटानं बसायची ही पहिलीच वेळ.

आधी हा आहे काय ते सांगते. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. परवाना एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सचा, त्यामुळे धंद्याच्या कामातही वापरता येतो, साइटवर चढवता येतो, पत्रिकेतही छापता येतो. केलाय कॅनडातल्या तिरो टाइपवर्क्सनं. जॉन हडसन आणि फिओना रॉस ही त्यामागची दोन नावं. या अक्षरांचं मूळ काम हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी झालं, आणि पुढे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट सगळ्यांसाठी खुले झाले. अक्षराचं वळण निर्णयसागरच्या खिळ्यांची आठवण करून देणारं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी उभा केलेला तो छपाईच्या खिळ्यांचा कारखाना, आणि राणूजी रावजी आरू यांनी कोरलेली ती अक्षरं. आण्णा कुणाचंही काम नावाजताना फार बोलत नसत, पण ‘निर्णयसागर’ म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. ते वळण इतका फेरा मारून माझ्या मोबाईलवर आलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

निवडीचं खरं कारण मात्र दोन अक्षरं. ल आणि श.

मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यात दोन पाकळ्यांचा ल बसलेला असतो, आणि देठाचा श. हिंदीत ल ला उजवीकडे सरळ दांडी असते आणि श ला गाठ. बहुतेक फॉन्टांत आपल्याला हीच हिंदी वळणं मिळतात, आणि इतकी वर्षं ती बघून आपणही बोलायचं सोडून दिलंय. शासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्णमालेचा जो सुधारित निर्णय काढला, त्यातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच सांगितलंय. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिल्याशिवाय मराठी वळण वर येत नाही, आणि ते लिहायचं नव्वद टक्के लोक विसरतात. मीही विसरायचे. तिरोच्या मराठी फॉन्टमध्ये ही वळणं मुळातच आहेत. काही सांगावं लागत नाही.

आता कुस्तीचं हँडबिल डोळ्यासमोर आणा. तालीम. मल्ल. लढत. लाल माती. शाहू. शड्डू. कोल्हापूर. त्या कागदावरचा अर्धा मजकूर ल आणि श मध्येच असतो. पहिलं हँडबिल मी चार फॉन्टांत टाइप करून शेजारी शेजारी ठेवलं आणि वर मूळ कागद धरला. ‘मल्ल’ या शब्दावर नजर गेली आणि निवड संपली. बाकी तीन ठिकाणी तो शब्द कळत होता. इथे तो आण्णांच्या हातचा दिसत होता.

दुसरी कसोटी ओळींच्या अंतराची, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण मराठी साइट बिघडतात त्या बहुतेक इथेच. तयार टेम्प्लेट आणतो, ती इंग्रजीच्या मापानं शिवलेली. अक्षराच्या दीडपट ओळ. इंग्रजीला ते पुष्कळ होतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, शिवाय उतरंडीसारखी जोडाक्षरं. एका ओळीत ‘राष्ट्रीय’ आलं आणि बरोबर त्याच्या खाली पुढच्या ओळीत ‘सर्वांनी’ आलं, की वरच्या ष्ट्र चं शेपूट खालच्या रफार-अनुस्वारावर टेकतं. वाचणाऱ्याला हे जाणवत नाही. तो फक्त चार ओळी वाचून पान बंद करतो.

छापखान्यात याला लेड घालणं म्हणायचे. शिशाची पातळ पट्टी, दोन ओळींच्या मध्ये. लहानपणी दुपारचा डबा द्यायला जायचे तेव्हा आण्णा स्टिकमध्ये, म्हणजे खिळे लावायच्या हातातल्या साच्यात, ओळ जुळवून झाली की बोटानं वरून चाचपायचे. मात्रा कुठे अडतेय का ते बोटाला लागायचं. अडली की आणखी एक पट्टी सरकवायचे, आणि मग हँडबिलात जागा उरली नाही म्हणून मालकांशी वाद. तिरोमध्ये मी १.५ पासून सुरुवात केली, मग १.६, १.७. शेवटी १.८ वर ‘राष्ट्रीय’ आणि ‘सर्वांनी’ एकमेकांना न शिवता उभे राहिले. अक्षर मोबाईलवर २० पिक्सेल. याच्या खाली उतरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. या अक्षरात जाड-बारीक रेषेचा फरक आहे, तेच त्याचं देखणेपण, पण आकार कमी केला की बारीक रेषा पडद्यावर विरायला लागते.

आणखी एक चूक टेम्प्लेटमधून घरात येते, ती अक्षरांतल्या अंतराची. इंग्रजी शीर्षकात अक्षरं ऐसपैस पसरवायची फॅशन आहे. तोच नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटते. ‘कोल्हापूर’चे तुकडे वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगल्यासारखे दिसतात. आपल्या शहरातल्या कितीतरी दुकानांच्या साइटवर हे आहे. कोडमधली एक ओळ काढली की जातं. कृपा करून काढा.

आता माझ्याकडून झालेला घोळ. देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, कारण जोडाक्षरांच्या आकृत्या आत भराव्या लागतात. तालमीतली पोरं स्वस्तातल्या डेटा पॅकवर साइट उघडणार, म्हणून मी फाइल हलकी करायचं ठरवलं. इंटरनेटवर एक फुकटचं साधन सापडलं. फॉन्ट टाका, लिपी निवडा, छोटी फाइल घ्या. फाइल खरंच निम्म्याहून खाली आली. खुशीत साइटवर चढवली, दोन-तीन पानं वरवर बघितली आणि झोपले. सकाळी भाच्याचा मेसेज. ‘मावशी, कुस्त्याचे पाय मोडलेत.’ बघते तर प्रत्येक ‘कुस्त्या’ हा क, स खाली हलंत, त खाली हलंत, य असा विखुरलेला. ‘मल्ल’ही तसाच. पहिल्या वेलांट्या अक्षराच्या आधी यायच्या त्या नंतर.

कारण असं, की कीबोर्डवरून आपण साठवतो ते सुटे वर्ण असतात. त्यांची जोडाक्षरं करायचे नियम फॉन्टच्या पोटात असतात. त्या साधनानं अक्षरं ठेवली आणि नियम फेकून दिले. खिळे आहेत पण जुळवणारा नाही, असं झालं. शेवटी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं फॉन्टटूल्स हे साधन घेतलं, त्यात लेआउटची सगळी फीचर्स, म्हणजे हेच नियम, राखायला सांगून फाइल पुन्हा कापली. ती मूळ फाइलीपेक्षा हलकी झाली आणि एकही जोडाक्षर तुटलं नाही. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी सरळ गूगलचीच लिंक वापरावी. तिथे फॉन्ट तुकड्यांत विभागलेला असतो आणि पानाला लागेल तेवढाच तुकडा उतरतो.

फॉन्टशी थेट संबंध नसलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिनं माझे तीन आठवडे खाल्ले. हँडबिलांचा मजकूर मी, भाचा आणि त्याच्या दोन मैत्रिणी अशा चौघांनी टाइप केला. साइटवर शोधायची सोय केली. ‘दुसऱ्या’ असं शोधलं तर निम्मीच हँडबिलं यायची. डोळ्यानं बघावं तर शब्द अगदी सारखा. ‘ऱ्य’ मधला तो आडवा र दोन रीतींनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन. दुसरी, साधा र, हलंत आणि न दिसणारा एक जोडवर्ण घेऊन. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चं तेच. २००८ साली युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीच्या, ५.१ आवृत्तीत त्याला स्वतःची जागा मिळाली, पण अजून बरेच जण अ वर चंद्र चढवून लिहितात. सगळा मजकूर एका रीतीला आणला, आणि शोधणारा काहीही टाइप करो, आत जाताना त्याचंही रूप बदलून घ्यायचं असा नियम लिहिला. मराठी साइटवर शोधपट्टी देणाऱ्या प्रत्येकानं हे दोन शब्द स्वतः टाइप करून बघावेत.

आण्णांच्या हाताखाली शेवटी शेवटी संगणक आला होता. त्या काळातल्या काही फाइली मला मिळाल्या. त्या जुन्या फॉन्टांच्या, युनिकोडच्या आधीच्या. उघडल्या की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. त्यातलं काही वाचवता आलं, काही नाही. शिशातलं जे छापलं गेलं ते मात्र सगळं हातात आहे.

साइट खुली केली ती मे महिन्यातल्या एका रविवारी, संध्याकाळी, आमच्या पेठेतल्या तालमीत. हॉल घ्यावा, पाहुणे बोलवावेत असं घरचे म्हणत होते. पण ज्यांची नावं त्या हँडबिलांत आहेत ते तालमीतच भेटतात. हौद्याच्या शेजारच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली, भाच्याच्या कॉलेजमधून प्रोजेक्टर आणला. पोरांचा जोर-बैठकांचा सराव संपेपर्यंत थांबलो. चाळीसएक माणसं जमली असतील, त्यात बारा-चौदा म्हातारे पैलवान, कानाच्या पाळ्या मोडलेले, पटका बांधलेले.

प्रोजेक्टर जुना होता. पांढऱ्या चादरीवर तिरोच्या बारीक रेषा जवळजवळ दिसेनाशा झाल्या. मी तिथल्या तिथे अक्षर वाढवलं, पानाचा रंग फिका पिवळा केला, तेव्हा कुठे वाचण्याजोगं झालं. कार्यक्रमात भिंतीवर दाखवायचं असेल तर हा फॉन्ट आदल्या दिवशी त्याच भिंतीवर बघून घ्या.

मग मी सगळ्यांना साइटचा पत्ता दिला आणि माणसं आपापल्या फोनवर बघायला लागली. आमच्या तालमीचे वस्ताद ऐंशीला टेकलेत. त्यांनी खासबागेतल्या एका मैदानाचं हँडबिल उघडलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ पासूनचं ते मैदान, वस्तादांनी तिथे किती कुस्त्या मारल्या याचा हिशेब त्यांनाच ठाऊक. फोन हातभर लांब धरून ते मोठ्यानं वाचायला लागले, अगदी वरच्या ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’पासून. एकदाही अडले नाहीत. मग म्हणाले, “पोरी, हे छापल्यागत दिसतंय की.”

या फॉन्टबद्दल याहून मोठं मला काही सांगता येणार नाही. पण वस्ताद तिथे थांबले नाहीत. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “पण हितं एक नंबरची कुस्ती आन् धा नंबरची कुस्ती एकाच मापात घातलीस. असं कुठं असतंय व्हय? पयली जोड लांबनं दिसाय पायजे.”

त्यांचं शंभर टक्के खरं होतं. मूळ हँडबिलात एक नंबरच्या जोडीची नावं लाकडी खिळ्यात, बोटभर उंच. दोन नंबरची त्याहून लहान. पुढे पुढे इनाम उतरत जातं तसं अक्षर उतरत जातं, आणि तळाला ‘शिवाय लहान-मोठ्या अनेक कुस्त्या होतील’ हे बारीक. कुणाची कुस्ती कितव्या नंबरची, हे न वाचता कळायचं. मी मजकूर उतरवला आणि ही चढण सपाट करून टाकली. कंपोझिटरच्या मुलीला हे सुचायला हवं होतं.

आणि इथेच तिरोची मर्यादा आली. या फॉन्टला ठळक वजन नाही. साधं आणि तिरकं, दोनच प्रकार. तिरका मी वापरलेला नाही. कोडमध्ये ठळक मागितलं तर ब्राउझर स्वतःच रेषा फुगवून खोटं जाड अक्षर तयार करतो. इंग्रजीत ते एक वेळ खपतं. देवनागरीत ‘क्ष’ आणि ‘ष्ट’च्या पोटातल्या फटी बुजतात आणि शाई सांडल्यासारखं दिसतं. ब्राउझरला हे करू न देण्याची सोय सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, आहे. फॉन्ट-सिंथेसिस बंद करायचं. मी केलं.

जोड लावायला मग ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घेतला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला, तोही खुला. सात वजनं आहेत, अगदी सडसडीत ते धिप्पाड. एक नंबरच्या जोडीला सगळ्यात जाड वजन आणि ४४ पिक्सेल, दोन नंबरला त्याखालचं, असं करत दहाव्या कुस्तीपर्यंत उतरत आले. रेषा सगळीकडे एकसारख्या जाडीची, त्यामुळे लांबूनही नाव फुटत नाही. मैदानाची माहिती, देणगीदारांची यादी, तिकिटाचे दर आणि आण्णांच्या वहीतल्या नोंदी तिरोत. दोघं एका पानावर भांडत नाहीत, कारण कामं वेगळी आहेत. एक हाक मारतो, दुसरा बसून सांगतो.

एक बारीकशी तक्रार उरते. पान उघडताना आधी फोनमधला फॉन्ट दिसतो, मग तिरो येतो आणि ओळी क्षणभर उड्या मारतात, कारण दोघांची रुंदी वेगळी. हे कुठल्याही वेब फॉन्टचं होतं. फॉन्टची फाइल पानाच्या सुरुवातीलाच मागवून ठेवली की पुष्कळ कमी होतं, पूर्ण जात नाही.

कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे वाचायला सलग मजकूर आहे त्यांनी. कथा, लेख, गावाचा इतिहास, वाचनालयाची साइट, दिवाळी अंक. दुकानाचा मेनू, बटणं, फॉर्म यांना घेऊ नका, तिथे मुक्तच बरा. पाचपैकी साडेचार तारे. उरलेला अर्धा ठळक वजनासाठी राखून ठेवलाय, ते आलं तर त्याच दिवशी देईन.

डोमेन आणि होस्टिंग मिळून मला वर्षाला ३,४०० रुपये पडतात. फॉन्टचे शून्य. बाकी सगळा वेळ.

परवा वस्तादांचा फोन आला होता. त्यांच्या मेहुण्याकडे, कागल बाजूच्या एका गावात, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं एक हँडबिल आहे, आमच्या २१२ मध्ये नसलेलं. आण्णांच्याच छापखान्याचं नाव खाली आहे म्हणे. मी फोनवरच विचारलं, त्यात ‘मल्ल’ कसा लिहिलाय बघा. “तूच ये आन् बघ,” म्हणाले. रविवारी सकाळी निघतेय, भाच्याला आणि स्कॅनरला घेऊन.